शंभरपैकी शहाण्णव

कराओके गाण्याच्या त्या हॉलमध्ये काउंटरवर बसणाऱ्या गृहस्थांना सगळे नव्वदमास्तर म्हणत. त्यांनी निवडून दिलेलं गाणं म्हटलं की मार्क देणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर नव्वदच्या खाली आकडा म्हणून यायचा नाही. मग गाणारा बँकेतला कॅशियर असो, नाहीतर दात उपटणारा डॉक्टर. बायका त्यांच्याकडे फारशा फिरकत नसत, त्या आपलं गाणं घरूनच ठरवून येत. यायचे ते पुरुष. आणि पुरुषांची खोड एकच, झेपत नाही तिथेच हात घालायचा.

"साहेब, केवढं उंच गाणं घेतलंत हे!" मास्तर म्हणायचे. "मूळ गायकाचा गळा कुठे, आपला कुठे. उगाच नाकापेक्षा मोती जड. त्यापेक्षा हे संथ घ्या. अख्खं गाणं पाच-सहा सुरांत बसतं. पट्टी तीनने खाली आणतो. सूर लागला की हलवू नका, ओळ संपेपर्यंत ताठ धरा. आणि माइक खाऊ नका, चार बोटं लांब ठेवा."

बस्स, एवढंच. यात कसली आलीय जादू! यंत्राच्या पोटात प्रत्येक गाण्याची एक रेघ ठरलेली असते. आवाज रेघेवरून चालला की मार्क, जरा इकडेतिकडे झाला की वजा. आणि माणसाने जीव ओतून गायलं की इकडेतिकडे होणारच. थोडक्यात, गाणं जितकं कमी तितके मार्क जास्त. मास्तरांना हे पहिल्याच आठवड्यात कळलं होतं. पण गिऱ्हाइकाला हे सांगून कोण हात दाखवून अवलक्षण करून घेणार?

मास्तरांचा कान जन्माचा पक्का. पण घरात गाणारा एकच होता, आणि तो म्हणजे दादा, चार वर्षांनी थोरला. दादा रियाजाला बसला की आई धाकट्याला दटावायची, "श्वाससुद्धा हळू घे रे, त्याचा सूर मोडेल." एकदा धाकट्याने तीच ओळ मागच्या खोलीत म्हणून पाहिली. बरी म्हटली होती हो, चांगली म्हटली होती! आई कणकेच्या हातांनी बाहेर आली आणि म्हणाली, "एका घरात दोन गवई कशाला? तू आपला ऐकत जा." झालं. तेव्हापासून पन्नास वर्षं हा माणूस नुसता ऐकत आला. दादा भिकार गायला असता तर निदान मनातल्या मनात हसता तरी आलं असतं. पण तो मेला गायचाच असा, की ऐकताना राग धरून ठेवता यायचा नाही. गाणं संपलं की मग राग परत यायचा, दुप्पट होऊन.

पुढे दादा मोजणी खात्यात नकाशे काढत राहिला आणि तिथूनच निवृत्त झाला. पोटापाण्यासाठी तो कधी गायला नाही. घरात, आपल्या माणसांत गायचा, तेवढंच.

एका रविवारी दुपारी पुतणी दादाला घेऊन हॉलवर आली. दादाला पासष्ट पूर्ण झाली होती, म्हणून. बरोबर तिचा नवरा आणि त्याच्या ऑफिसातले चौघे. मास्तरांनी त्यांना तीन नंबरची खोली दिली, माइकवर नव्या जाळ्या चढवल्या, पाण्याचा जग ठेवला आणि दाराशी उभे राहिले.

जावई आधीच काउंटरवर येऊन गाणं निवडून घेऊन गेला होता. त्याचा आवाज म्हणजे बादली फरशीवरून ओढावी तसा. पण बिचारा सांगितल्याबरहुकूम ताठ गायला. ब्याण्णव! पोरांनी शिट्ट्या मारल्या.

मग दादा उठला. त्याने आपलं जुनं, आवडीचं गाणं लावायला सांगितलं. पहिलीच ओळ वर चढायची होती. दादा तिथे थेट गेला नाही. खालच्या सुरावर क्षणभर रेंगाळला आणि मग म्हाताऱ्या माणसाला जिना चढवावा तसं हळूहळू त्या सुराला वर घेऊन गेला. आवाज थकला होता, श्वास आखूड झाला होता, पण जागा तीच, न् नजाकतही तीच. मास्तरांच्या हातावर काटा आला. एवढ्या वर्षांत त्या खोलीत असं काही झालं नव्हतं.

पडद्यावर आकडा आला, चौसष्ट.

"बाबा, नुसतेच पास!" जावई ओरडला. सगळे हसले. पुतणी पण हसली, वर म्हणाली, "अहो, सवय गेली ना त्यांची. होतं असं."

दादाही हसला. पण पाणी पिण्याच्या निमित्ताने बाहेर आला आणि काउंटरपाशी उभा राहिला. कानाच्या पाळ्या लाल झाल्या होत्या.

"मला पण त्यातलं एखादं दे रे," तो म्हणाला.

"कशातलं?"

"तू जावयाला दिलंस त्यातलं. पोरीसमोर बरं नाही दिसत."

जन्मात पहिल्यांदा दादाने धाकट्याकडे काही मागितलं होतं. आणि मास्तरांच्या जिभेवर वाक्य तयार होतं. 'दादा, यंत्र बहिरं आहे. तू गायलास ते गाणं, बाकी सगळी ओरड.' एवढंच म्हणायचं होतं. पण देव जाणे काय झालं, तो जुना राग परत वर आला आणि मास्तर म्हणाले, "वय झालं दादा आता. सोपं काहीतरी घ्यावं. आणि सूर इतका हलवू नकोस. जुनी सवय आहे तुझी, ती मोड."

दादाने मान डोलावली. शाळकरी पोरासारखी, निमूट. मास्तरांना तेव्हा बरं वाटलं. खोटं कशाला बोला, फार बरं वाटलं.

त्यांनी पाच सुरांचं गाणं काढलं आणि पट्टी खाली आणली. दादा माइक चार बोटं लांब धरून उभा राहिला आणि फूटपट्टीने ओढावं तसं सरळ गायला. नकाशे काढणाराच तो, रेघ कशी पाळायची हे त्याला कोणी शिकवायला नको होतं.

शहाण्णव. जावयाने सासऱ्याला उचलायचंच बाकी ठेवलं. पुतणी गळ्यात पडली. "बाबा, इतकं छान तुम्ही कधीच गायला नाहीत!"

दादाचा चेहरा असा फुलला, की मास्तरांना बघवेना. आनंद खराच होता हो त्याचा. तो बाहेर येऊन धाकट्याचा हात हातात घेऊन म्हणाला, "अरे, जन्मभर मी उगाचच हलवत बसलो की! कोणी सांगितलंच नाही बघ."

त्या दिवसापासून दादा दर गुरुवारी दुपारी येऊ लागला. सोप्या गाण्यांची यादी करून घेतली. चौऱ्याण्णव, पंच्याण्णव, एकदा अठ्ठ्याण्णव. घरीही म्हणे भिंतीकडे तोंड करून एकेक सूर घड्याळ लावून धरायचा. मास्तर दाराशी उभे राहून वाट बघायचे, की आज तरी एखादी जागा चुकून सुटेल. एकही सुटली नाही. मोजमापाला दादा पक्का होता.

तीन महिन्यांनी मास्तरांना राहवेना. एका गुरुवारी त्यांनी मार्कांचं बटण बंद केलं.

"दादा, आज आकडा नको. नुसतं गा. पहिल्यासारखं गा."

"आकडा नाही, तर बरं झालं की वाईट, कळणार कसं?"

"मी सांगतो ना! यंत्राला काय कळतंय, बहिरं आहे ते! त्या रविवारी चौसष्टला गायलास ना, तसं अख्ख्या हॉलमध्ये आजवर कोणी गायलेलं नाही. मी तेव्हाच बोलायला हवं होतं. मुद्दाम नाही बोललो. चुकलो मी, दादा."

दादा शांतपणे म्हणाला, "चौसष्ट होते तोवर तू गप्प होतास. अठ्ठ्याण्णव झाले, तर आता पहिल्यासारखं गा म्हणतोस. आई जाताना मला सांगून गेली होती, धाकट्याला तुझं बरं बघवत नाही, जपून राहा. मी तिच्यावर चिडलो होतो रे तेव्हा. म्हटलं, माझा भाऊ तसा नाही."

त्या रविवारी आईचं म्हणणं खरंच होतं. आज नव्हतं, पण आजचं पटवायला त्यांच्याकडे तोंड उरलं नव्हतं.

"लाव ते बटण," दादा म्हणाला.

मास्तरांनी लावलं. दादा गायला. सत्त्याण्णव आले. मग त्याने, पुढचं कोणतं घेऊ, म्हणून विचारलं आणि मास्तरांनी आणखी एक सोपं गाणं काढून दिलं.