पूर्ण हजेरी

"नेट से उतारा है क्या?" परीक्षक मॅडमनी प्रोजेक्टची फाईल हातात तोलत विचारलं.

"नाही मॅडम. माणसांशी बोलून लिहिलंय." गायत्रीने ओढणी छातीवर नीट ओढून घेतली. सकाळी सातला ठकीला पाजून निघाली होती, आता साडेअकरा झाले होते. पोर नवागामला, आजीकडे. पण अंगातल्या दुधाला तिची वेळ बरोबर कळत होती.

बीबीए, तिसरं वर्ष, विषय मनुष्यबळ व्यवस्थापन. वर्गातल्या बाकीच्यांनी जुनी प्रोजेक्टं नाव बदलून दिली होती. गायत्रीने मात्र दोन महिने सुरतेच्या पांडेसऱ्यातल्या एका डाइंग मिलमध्ये जाऊन कामगारांच्या गैरहजेरीवर लिहिलं होतं. ठकी झोपली की दोन ओळी, उठली की बंद.

मॅडम चोविसाव्या पानावर थांबल्या. "ये क्या है? समझाओ."

गायत्री सांगत गेली. खानदेशातला माणूस आखाजीच्या सणाला गावी जातो, लग्नाला जातो, मयताला जातो. आठ दिवस नाही दिसला तर जागा गेली. म्हणून तो जाताना भाऊ, मेहुणा, पुतण्या, कुणाला तरी आपल्या मशीनवर उभं करतो. खिशात कार्ड याचं, काम त्याचं. मुकादमाला माहीत असतं, वॉचमनलाही. मशीन एक दिवस बंद पडत नाही. "पुस्तकात गैरहजेरीवर सात उपाय दिलेत मॅडम. हा आठवा. कामगारांनी स्वतःच शोधलेला."

मॅडमनी चष्मा काढला. "इतने साल से पढ़ा रही हूँ, ऐसा किसी ने नहीं लिखा."

पन्नासपैकी अठ्ठेचाळीस. पायऱ्या उतरताना तिला वाटलं, आज नानांसाठी जिलबी न्यावी.

प्रोजेक्टची एक प्रत मिलला द्यायची असते. ती गायत्रीने एचआर मॅनेजर भूपेंद्रभाईंना स्वतःच्या हाताने दिली होती, वर निळं प्लॅस्टिक लावून. तिसऱ्या दिवशी त्यांनी फोन करून तिला ऑफिसात बोलावलं.

"बेसो, बेन. सरस लिखा है. बीस साल में हमको पता नहीं चला, तुमने दो महीने में निकाल दिया." मग त्यांनी चोविसावं पान उघडलं. "ये जेट मशीनवाला, बाईस साल, एक भी खाडा नहीं. ये उखा है ना? पिछली दिवाली पे मैंने ही सर्टिफिकेट दिया था उसको."

नाव तिने लिहिलं नव्हतं. शिकवलं होतं तसं 'कामगार क्रमांक सात' लिहिलं होतं. पण अख्ख्या मिलमध्ये बावीस वर्षं पूर्ण हजेरीचा माणूस एकच होता, आणि तो तिचा बाप होता, नाना. भूपेंद्रभाईंना हे ठाऊक नव्हतं. फॉर्मवर सासरचं नाव होतं.

"माहीत नाही, सर," ती म्हणाली.

"पता चल गया. गेट के कॅमेरे में देखा. ग्यारह लोग हैं. सबको निकालना पड़ेगा."

"सर, काम तर कधी थांबलं नाही."

"और कोई जेट में जल गया तो? मरेगा एक, कागज पे मरेगा दूसरा. उसके बच्चों को क्या मिलेगा?"

ते म्हणत होते ते तिच्याच पुस्तकातलं होतं, सुरक्षिततेच्या धड्यातलं.

"एक तारीख से अंगूठे की मशीन लग रही है," भूपेंद्रभाई म्हणाले. "मराठी जाननेवाला चाहिए ऑफिस में. तुम आ जाओ."

नवागामच्या खोलीत नाना ठकीला पायांवर घेऊन तेल लावत बसले होते. नखांत निळा रंग, कायमचा. गायत्रीने दारातच उभ्याने सगळं सांगितलं.

"कितला जन?" नानांनी विचारलं.

"अकरा."

तेलाचा हात थांबला. ठकीने पाय झाडले, तसा परत सुरू झाला.

"बाकीन्या पोरीस्नी उतारी लिखं," आई, प्रमिलाबाई, चुलीपुढून न वळता म्हणाली. "तूच कशी हुशार?"

"ऱ्हाऊ दे." नाना म्हणाले, "मी सांगं, तिनी लिखं. खोटं थोडंच लिखं?"

"मी जाणार नाही तिथे, नाना."

"जावाचं. जवाई योगराजनं काम बंद शे, पोर लहान शे. मना जागावर मनंच माणूस बसनं. रीतच शे आपली." ते हसले. दुसरं कुणी हसलं नाही. ठकीला टॉवेलात गुंडाळून त्यांनी लेकीकडे दिलं. "पाज तिले. भुकेली शे."

एक तारखेला गेटजवळ टेबल मांडलं होतं. गुजरातीत छापलेले राजीनाम्याचे अकरा कागद. प्रत्येकाने कार्ड जमा करायचं, कागद ऐकायचा, सही करायची. भूपेंद्रभाई मागे खुर्ची टाकून बसले होते. कागद मराठीतून वाचून दाखवण्याचं काम गायत्रीचं.

तिसरा लक्ष्मणकाका होता, नानांचा शेजारी. गायत्रीला त्याने कडेवर खेळवलं होतं. अंगठा टेकवताना तो कागदाकडेच बघत म्हणाला, "चांगली शिकनी पोर."

"क्या बोला?" भूपेंद्रभाईंनी विचारलं.

"काही नाही, सर."

चौथे नाना. गायत्रीच्या लग्नातला शर्ट इस्त्री करून घातला होता. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं, सरळ केलं आणि हात जोडले. "नमस्कार, मॅडम."

तिने कागद उचलला. "मी, खाली सही करणार, माझ्या..." पुढचा शब्द 'मर्जीने' असा होता. तो तोंडातून निघेना. डोळ्यांसमोर गुजराती अक्षरं एकमेकांत मिसळू लागली. मागे खुर्ची करकरली.

नाना किंचित पुढे वाकले. घरी कधी न बोललेल्या, शाळेतल्या मराठीत हळूच म्हणाले, "वाचा, मॅडम. मागे लाईन आहे."

ती वाचू लागली. नाना हात मागे बांधून, मान थोडी कलती करून शेवटच्या ओळीपर्यंत ऐकत राहिले, लहान पोरीने घरी येऊन धडा म्हणून दाखवावा आणि बापाने तो ऐकावा, तसे.