तुळशीरामच्या बागेवरची गस्त

"उडवा बरं!" तुळशीरामने पोह्यांची बशी बाजूला सारली आणि तरातरा अंगणात आला.

मुलगी बघायला आलेल्या हर्षलने निमूटपणे पिशवीतून स्वतःचा छोटा ड्रोन काढला. कोकणात समुद्रावर ड्रोन फिरवून चोरट्या बोटी हुडकायच्या, ही त्याची नोकरी. सोनाळ्यात ती कुणाच्या पचनी पडेना. इथे ड्रोन येतो तो फवारणीला, नाहीतर लग्नाच्या शूटिंगला.

"तुम्ही समुद्रातले चोर पकडता म्हन्ता ना? मंग माह्या बागेतला पकडून दाखवा. रोज संत्री जाऊन राह्यली. सापडला तर सोयरीक पक्की, नाही तर रामराम!"

दारामागे रुपालीने कपाळावर हात मारला. तिला पोरगा आवडला होता, पण बापापुढे बोलायची सोय नव्हती.

ड्रोन घरामागच्या बागेवर गेला. सगळे माना वर करून आभाळात बघत बसले. स्क्रीनवर डोळे एकट्या हर्षलचे. कुंपणाशी एक बाई भरलेली पिशवी पलीकडच्या बाईला देत होती. त्याने ड्रोन खाली घेतला. कढीपत्ता तोडायला म्हणून गेलेली सत्यभामाबाई, रुपालीची आई! पलीकडची हुबेहूब तिच्याच तोंडवळ्याची. हर्षलच्या मामाने वाटेतच बजावलं होतं, साळीच्या, म्हणजे बायकोच्या बहिणीच्या घरच्या लग्नात मानाचा शेला द्यायचा राहिला म्हणून तुळशीरामने तिच्याशी संबंध तोडलेत, तिचं नावसुद्धा काढू नको.

सत्यभामाबाईने वर पाहिलं आणि चक्क ड्रोनला हात जोडले.

"दिसला का?" तुळशीराम ओरडला.

हर्षलने ड्रोन वळवला.

"माकडं आहेत, काका."

"माकडं सालटं टाकून जातात! इथं एक सालटं सापडत नाही."

"घरी नेऊन खात असतीन."

"वा रे वा! याले बागेतला चोर दिसत नाही, अन् याच्या हाती समुद्र देल्ला! चला, रामराम."

हर्षल ड्रोन पिशवीत भरू लागला. रुपालीशी जेमतेम दोन वाक्यं झाली होती, तरी त्याला फार वाईट वाटलं.

तेवढ्यात सत्यभामाबाई कढीपत्ता घेऊन आली.

"कुठी चालले? जेवल्याबिगर जायाचं नाही. पोरगा मले पसंत आहे."

"काऊन?" तुळशीराम उखडला. "काय पाह्यलं तू याच्यात?"

"कमी बोलते," ती म्हणाली. "या घरात बोलणारा एक पुरे आहे."