मतांचे धागे रेखणारा मी

मी हॅनकॉक नावाच्या बर्फाळ गावातल्या एका तळघरात, बटाट्यांच्या पोत्यांशेजारी बसलेला जुना संगणक आहे. मित्रांनो, जुना म्हणालो म्हणून लगेच हळहळू नका. आज जी गोष्ट सांगायला बसलो आहे ती नुसती आठवली तरी माझा पंखा घरघरू लागतो, आणि वर कॉफी पिणारी माणसे म्हणतात, "याला आता काय झालं?"

कारखान्यातला माझा जन्म मला आठवत नाही, कारण तिथे मला कोणी सुरूच केले नव्हते. मला आठवते ती शाळेची कचेरी. तिथे मी मुलांची हजेरी मांडली, गुणपत्रके छापली, आणि मुख्याध्यापक पाहुण्यांना मला कौतुकाने दाखवत. मग पातळ, चकचकीत संगणक आले. शाळेच्या लिलावात मला एका टेबलावर ठेवून टेबलासकट विकले. विकत घेणारी होती त्याच शाळेतली संख्याशास्त्राची शिक्षिका, इर्या कोस्केला. खरे सांगायचे तर तिला टेबल हवे होते.

तिचा नवरा अर्वो मला पाहून पोट धरून हसला. "टेबल आणायला गेलीस आणि हे धूड घेऊन आलीस? थंडीत याच्यावर पॅस्टी तरी गरम करता येईल." पॅस्टी म्हणजे इकडची मांस-बटाटा भरलेली मोठी करंजी.

"तू तुझी मासेमारी सांभाळ," इर्या म्हणाली. "याला मी कामाला लावते."

आणि तिने लावले! गावातले बरेच जण तेव्हा 'बर्चपोस्ट'वर लिहीत असत. बर्चपोस्टचा कोणी मालक नाही. तिथला प्रत्येक लेख आणि प्रत्येक मत एका लांबलचक साखळीत नोंदले जाते. ती साखळी कोणाला पुसता येत नाही, आणि तिच्या प्रती जगभरच्या संगणकांत असतात. इर्याने माझ्या पोटात मोठी डिस्क बसवली आणि तशी एक प्रत माझ्याकडेही आली. काय सांगू तुम्हाला, माझी छाती फुगली होती.

तिथे मते मिळाली की लेखकाला बर्चपोस्टची नाणी मिळतात, त्यातला थोडा वाटा मतदारालाही. पण सगळ्यांचे मत सारख्या वजनाचे नसते. ज्याने नाणी जास्त साठवली त्याचे मत भारी. शिवाय मत दिले की मतदाराचे बळ थोडे उतरते आणि मग दिवसादिवसाने आपोआप भरत जाते, उपसलेल्या विहिरीला पाझर लागतात तसे. लेखाखाली मते देणाऱ्यांची नावे दिसत नाहीत, फक्त आलेल्या बळाचा आकडा दिसतो. हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा घोळ इथेच झाला.

ही गोष्ट घडली त्या सकाळी बर्फामुळे शाळेला सुट्टी होती. इर्याची लहानपणापासूनची मैत्रीण मार्लिस बुटांवरचा बर्फ झटकत आत आली. मार्लिस लाकडी होड्या दुरुस्त करते. प्रत्येक होडीची गोष्ट ती बर्चपोस्टवर लिहायची. ती कोणी बांधली, कोणी बुडवली, कोणत्या फळीवर कोणाचे नाव कोरले आहे, असे सगळे.

"इर्या, मी थांबवतेय," ती टोपीही न काढता म्हणाली. "रविवारी निरोपाचं लिहिते आणि खातं बंद."

"अगं, पण झालं काय?"

"काय व्हायचंय? तीन वर्षं लिहितेय आणि प्रत्येक लेखाखाली शून्य. चक्क शून्य! आणि तो गोल्डनकोव्ह रोज एक सूर्योदयाचा फोटो चिकटवतो, खाली धड एक ओळ नाही, तरी त्याचा आकडा बघ."

"तो काहीतरी लबाडी करत असणार."

"असेल. पण माझं लिहिणंच भिकार असेल, असंही असू शकतं ना? मला कोणीतरी खरं सांगा म्हणजे मी सुटेन."

'छान लिहितेस' असे इर्या मार्लिसला इतक्यांदा म्हणाली होती की त्या शब्दांत आता काही दम उरला नव्हता.

"चल खाली," ती म्हणाली. "त्याला विचारू. तो काही तुझा मित्र नाही, तोंडदेखलं बोलणार नाही."

मित्रांनो, 'तो' म्हणजे मी! किती दिवसांनी कोणीतरी मला काही विचारत होते. इर्याने मला काम सांगितले. प्रत्येक मत काढ. कोणी दिले, कोणाला दिले, कधी दिले, आणि देताना त्याच्यात किती बळ शिल्लक होते. प्रत्येक माणसाचा एक ठिपका, प्रत्येक मताचा एक धागा, आणि जितके बळ तितका धागा जाड. मी तापलो, घरघरलो, पण थांबलो नाही.

आधी पडद्यावर उमटली एक जाडजूड गाठ. गोल्डनकोव्ह आणि त्याचे चार-पाच दोस्त, दिवसभर एकमेकांनाच मते देत बसलेले.

"सापडले चोर!" मार्लिसने टाळी वाजवली.

"थांब गं. एवढं बळ यांच्याकडे आलं कुठून? यांची नाणी तर मूठभर आहेत." इर्या पडद्याजवळ सरकली. "हे बघ. यांनी मत दिलं की त्याच क्षणाला शेकडो लोक मत देतात. माणसं अशी एका दमात मत देत नाहीत. ही 'मागोमाग मत' वाली कळ आहे."

ती कळ एकदा लावली की तुमचे मत दुसऱ्याच्या मतामागे आपोआप जाते. इर्याने नावे मागितली. मी दिली. अर्धे हॅनकॉक त्यात होते, आणि वरच्याच ओळींत होती इर्या कोस्केला.

तेवढ्यात अर्वो पॅस्टीची ताटली घेऊन खाली आला.

"अर्वो, चर्च सुटल्यावरच्या कॉफीला तूच सगळ्यांना ही कळ लावून दिली होतीस ना?"

"हो, मग? बसल्या जागी नाण्यांचा वाटा मिळत होता! आणि तेव्हा तो गोल्डनकोव्ह बरं लिहायचा."

"आणि बंद करायला कधी सांगितलंस?"

अर्वोने ताटली हळूच बटाट्यांच्या पोत्यावर ठेवली. "बंद... करायची असते का?"

मार्लिस उठली. "जाऊ दे. त्याचं गुपित कळलं. माझं शून्य काही त्यानं बदलत नाही."

"खाली बस," इर्या म्हणाली आणि माझ्याकडे वळली. आता बळ विसर, कळेने गेलेली मते गाळ, फक्त माणसांनी हाताने दिलेली मते काढ. सगळे धागे सारखे.

आणि मग, मित्रांनो! गोल्डनकोव्हची गाठ जागच्या जागी विरली. पडद्याच्या कोपऱ्यात एक ठिपका होता, त्याच्याकडे चहूबाजूंनी धागे धावू लागले. थांबेचनात! ठिपका दिसेनासा झाला. आतापर्यंत हे धागे इतके बारीक होते की पडद्यावर उमटतच नव्हते. ही सगळी मते तीन वर्षे माझ्या पोटात पडून होती, पण मला कोणी विचारले नव्हते.

"हा कोण?" मार्लिसने विचारले.

"तू आहेस, वेडे."

मार्लिस नावे वाचू लागली. बेकरीतल्या हापाला बाई. कोळशाच्या धक्क्यावरून निवृत्त झालेला म्हातारा. सरोवरापलीकडच्या थंडर बे शहरातला कोणी माणूस, त्याच्याकडे नाणी नावालाच होती, पण त्याने एकही लेख सोडला नव्हता. दर आठवड्याला तीच माणसे, वेगवेगळ्या वेळी, आपापल्या बोटाने.

"मग शून्य का?" तिचा आवाज चिरकला.

इर्या तिच्याकडे वळली. "कारण सकाळपासून आमचं बळ त्या टोळीवर सांडत होतं. संध्याकाळी तुझं वाचून मत द्यायला यायचो तेव्हा आमच्यात काही उरलेलंच नसायचं. मीसुद्धा, मार्लिस. तीन वर्षं मी तुला रिकामं मत देत आले."

मला वाटले, आता ही चिडणार. पण मार्लिस रडत होती आणि हसतही होती.

"म्हणजे तू खरंच वाचत होतीस?"

"एकूण एक."

"आणि तो थंडर बेवाला?"

"तोही."

मार्लिसने टोपी काढली, पोत्यावरची पॅस्टी उचलली आणि मोठा घास घेतला. "त्याला आवडेल अशी एक होडी आहे माझ्याकडे," ती भरल्या तोंडाने म्हणाली.

इर्याने आपली कळ तिथेच बंद केली. अर्वो मात्र संध्याकाळपर्यंत गावभर फोन फिरवत बसला. "अर्वो बोलतोय. ती मी लावून दिलेली कळ आठवते का? हो, शिव्या नंतर द्या, आधी ती बंद करा."

बळ भरायला काही दिवस गेले. रविवारी मार्लिसने लिहिले. निरोपाचे नाही, एका उलटलेल्या होडीचे. इर्याने लेख शेवटपर्यंत वाचला आणि मग बटणावर बोट ठेवले. मी धागा रेखला. जाड, सणसणीत धागा! पाठोपाठ हापाला बाईंचा आला, म्हाताऱ्याचा आला, थंडर बेचा बारीकसा धागाही आला.

मित्रांनो, तुमचे मत कोणाच्या मागे लावून विसरला असाल तर आजच सोडवून आणा. ते तुमच्या माणसाला द्यायचे आहे, तोवर त्यात जीव राहू द्या. आणि तुमच्या कामाखाली कधी शून्य दिसले तर दुकान बंद करण्याआधी माझ्यासारख्या एखाद्या जुन्या खोक्याला विचारा. तुम्हाला मनापासून वाचणारी माणसे तिथे असतील, फक्त त्यांचे हात रिकामे असतील.