काकांच्या वर्गातलं महायुद्ध

पहिलं महायुद्ध काकांच्या शेवटच्या तासाला, घंटेच्या जरा आधी, एकदाचं सुरू झालं. पण ते झालेलंच नाही असं धरून पुढे वाचा. आमच्या घरी आणि काकांच्या कॉलेजात इतकी वर्षं सगळे तसंच धरून चालले होते.

काका आधुनिक युरोपचा इतिहास शिकवायचे. युद्धाची कारणं इतकी मन लावून शिकवायचे की युद्धाच्या तोंडाशी वर्षच संपायचं. ज्याच्या खुनावरून युद्ध पेटलं त्या युवराजाची मोटार चुकीच्या रस्त्याला वळली, की काका खडू खाली ठेवून विचारायचे, "रस्ता बदललाय हे ड्रायव्हरला कुणीच कसं सांगितलं नाही?" त्यावर चर्चा, चर्चेवर चर्चा, मग परीक्षा. त्यांचे माजी विद्यार्थी आजही फार आशावादी आहेत.

तसं काकांचं मजेत चाललं होतं. पण निवृत्तीच्या आदल्या दिवशी जेवता जेवता त्यांचा हात थांबला.

"जन्मभर युरोप शिकवला आणि युद्धापर्यंत पोचलोच नाही. उद्या एकच तास उरलाय गं."

"मग उरकून टाका की," काकू म्हणाली. "लग्नाच्या वेळीही तुम्ही पार्श्वभूमीतच अडकला होतात. शेवटी माझ्या बाबांनी तारीख काढली."

"ते वेगळं. त्याला दूरगामी कारणं होती."

"होती ना. वाढू का अजून?"

दुसऱ्या दिवशी काकू आणि मी वर्गात मागच्या बाकावर जाऊन बसलो. काका रंगात आले होते. मोटार निघाली. चौक आला. मोटार वळली. काकांनी खडू खाली ठेवला.

"आता मला सांगा, रस्ता बदललाय हे ड्रायव्हरला..."

"अहो, थांबू नका, पुढे चला!" काकू ओरडली. काका गाडी चालवताना शेजारी बसून ओरडते, अगदी तश्शीच.

काका सवयीने पुढे गेले. गोळी सुटली. तारा गेल्या, फौजा निघाल्या, अख्खा जुलै महिना फळ्याच्या उरलेल्या कोपऱ्यात कोंबला गेला आणि तोफा धडाडल्या. पोरांनी बाक बडवले. पहिल्या बाकावरच्या मुलीने हात वर केला.

"सर, मग जिंकलं कोण?"

घंटा झाली.

काका घरी आले ते शीळ घालतच. बाहीवर खडू, चेहऱ्यावर तेज.

"झालं ना मनासारखं?" काकूने विचारलं.

"झालं. पण त्या पोरीला काय सांगू? असं एका वाक्यात सांगतात का?"

"बाकीचे सांगतात."

"बाकीचे!" काका म्हणाले आणि अर्ज लिहायला बसले.

'मा. प्राचार्य यांस,
विषय : युद्धकाळात निवृत्त होण्याबाबत.
महोदय, मी आज शेवटच्या तासाला महायुद्ध सुरू केले असून ते अद्याप चालू आहे. तरी ते संपून तहाची सर्व कलमे शिकवून होईपर्यंत मला सेवेत ठेवावे. नियमात बसत नसल्यास, सदर युद्ध मागे घेऊन मोटार पुन्हा चौकात आणून उभी करण्याची लेखी परवानगी मिळावी, ही नम्र विनंती.'