एल्कच्या मादीची हाक

धनुष्यबाणाने शिकार करणाऱ्यांचा हंगाम लागला की आर्विड टँडबर्गच्या अंगात वारं शिरायचं. सत्तरी उलटली, गुडघे कुरकुरू लागले, तरी सप्टेंबर उजाडला की स्वारी बिटररूटच्या डोंगरचढणीवर हजर. सोबतीला मुलगी, मार्लीस. कामं ठरलेली. बाप पुढे धनुष्य घेऊन बसणार आणि ती मागे लपून एल्कच्या, म्हणजे तिथल्या थोराड हरणाच्या, मादीचा आवाज काढणार. मादीच्या शोधात निघालेला नर आधी बापाच्या पुढ्यात यायचा.

"आज आवाज नीट काढ," चढता चढता आर्विड म्हणाला. "गेल्या साली एल्क राहिला बाजूला, पलीकडच्या तंबूतला म्हातारा आला होता धावत."

"तुझ्यापेक्षा बरा दिसत होता, डॅड."

"हाक देणाऱ्यानं जागा सोडायची नाही. कळलं?"

"कळलं रे बाबा. दरवर्षी तेच पुराण."

आणि तिने जागा सोडली. नर घळीपलीकडे येऊन अडला, नुसत्या किंकाळ्या फोडत राहिला, पाऊल पुढे टाकीना. अशा वेळी हाक देणारे जरा मागे सरकतात, म्हणजे मादी निघाली असं वाटून तो चवताळून येतो. पण मागे वाळकी पानं कुरकुरत होती, म्हणून मार्लीस घळीच्या कडेने, ओल्या मातीवरून गेली. वळसा आपल्याला कुठे नेतोय याचा अंदाज चुकला. एका आडव्या ओंडक्यामागे बसून तिने टाळूला चिकटवलेल्या रबरी पट्टीतून हळूच हाक काढली, मान वर केली, आणि समोर बाप दिसला.

तीस पावलांवर. धनुष्य पूर्ण ताणलेलं, बाणाचं टोक तिच्याकडे. त्या हंगामात मादी मारायलाही मुभा होती.

'डॅड' म्हणून ओरडायला तिने श्वास ओढला आणि पट्टी टाळूवरून सुटून घशात गेली. तोंडातून निघाली ती हाकच, बारीक, लाडिक, एल्कच्या मादीची.

बाण सुटला. ओंडक्यावर टेकलेल्या तिच्या हाताच्या काखेजवळ तो लाकडात घुसला आणि जाकिटाची बाही तिथे खिळून राहिली.

बाणाने शिकार करणाऱ्यांची एक रीत असते. बाण सोडला की धावायचं नाही. दुसरा बाण लावून चांगला अर्धा तास गप्प बसायचं, जखमी जनावराला निवांत पडू द्यायचं. आर्विडने रीत मोडली नाही. त्याने दुसरा बाण लावला आणि एका गुडघ्यावर टेकून तो वाट पाहू लागला.

मार्लीसला श्वास मिळत नव्हता. खोकावं तर पुन्हा मादीचाच आवाज निघणार, न खोकावं तर जीव जाणार. आपण मरणार, तेही बापाच्या हातून, आणि त्याला अर्ध्या तासाने कळणार, एवढंच डोक्यात घोंघावत होतं. तिने मोकळा हात वर केला आणि हलवला. आर्विडची नजर थेट तिच्यावर आली. तिच्या जिवात जीव आला. मग धनुष्य पुन्हा वर चढलं.

बाही फाडून ती ओंडक्यामागे आडवी झाली आणि पोटाला मूठ लावून होता नव्हता तेवढा जोर करून खोकली. पट्टी मातीत पडली.

"डॅड! मी आहे! मार्ली!"

धनुष्य दगडावर आपटल्याचा आवाज आला.

तो जवळ आला तेव्हा त्याचा चेहरा राखेसारखा झाला होता. त्याने तिचे खांदे, मान, पाठ चाचपून पाहिली. "लागलं नाही ना? पोरी, लागलं नाही ना? तू मागे होतीस ना गं!"

"मी चुकले. पण मी हात हलवला, डॅड. तू माझ्याकडेच बघत होतास."

आर्विड खाली बसला. "हललं एवढं कळलं," तो म्हणाला. "वसंतापासून नजरेच्या मधलं सगळं पुसून गेलंय. कडेकडेचं दिसतं."

"म्हणजे तू न बघता बाण सोडलास?"

"आवाज ऐकून."

"डॉक्टरला नाही दाखवलंस?"

"दाखवलं असतं तर हंगाम गेला असता."

तिला त्याच्या कानाखाली द्यावीशी वाटली आणि त्याच्या गळ्यात पडून रडावंसंही वाटलं. दोन्ही जमलं नाही. घळीपलीकडचा नर केव्हाच पसार झाला होता.

उतरायला निघाले तेव्हा नेहमीसारखी ती पुढे झाली. पण चार पावलांतच तिची पाठ आखडली. मागे बाप होता, त्याच्या हातात धनुष्य होतं. लहानपणापासून ज्याच्या भरवशावर ती या रानात बिनघोर हिंडली, तोच मागे असताना तिला पाऊल उचलवेना.

"डॅड, तू पुढे हो."

"मला वाट दिसत नाही गं."

"मी सांगते. तू पुढे हो."

आर्विड काय समजायचं ते समजला. त्याने धनुष्य आणि भाता तिच्या पायाशी ठेवले आणि बाजूने पुढे गेला. बुटाने जमीन चाचपत तो उतरू लागला.

"डावीकडे मूळ आहे," ती म्हणाली. "जपून."

तो थांबला आणि आधारासाठी त्याने हात मागे केला. तिला तो लगेच धरवला नाही.