गाठ सुटली म्हणे

बापाला अर्धांगवायूचा झटका आला आणि होडी थोरल्याच्या हाती गेली. थोरला शहरातला धंदा बुडवून नुकताच परतला होता. धाकटीचं सगळं लहानपण बापाबरोबर त्याच होडीत गेलेलं. पण तिला विचारतो कोण?

पहिल्याच आठवड्यात थोरला नांगराच्या साखळीवर वैतागला. “ही ओढून ओढून कंबरेचा पार काटा ढिला झाला. उद्यापासून नायलॉनचा दोर.”

“दादा, इथे तळाला खडक आहे,” धाकटी म्हणाली. “होडी फिरली की दोर त्यावर घासत राहणार. निदान नांगराजवळ साखळी राहू दे, वर दोर लाव. ओझंही निम्मं होईल.”

“आता तू मला शिकवणार? गाठ मार, तेवढं कर.”

तिने गाठ मारली. साखळी भंगारात गेली.

पुढे एकदा भरदुपारी वारा उठला आणि धक्क्यावरच्या सगळ्यांदेखत त्यांची होडी सुटून दगडांवर आपटली. फळ्या वेगळ्या झाल्या.

“गाठ हिने मारली होती. सुटली!” थोरला भेटेल त्याला सांगत सुटला.

ओहोटी लागल्यावर धाकटी छातीएवढ्या पाण्यात उतरली, बुड्या मारमारून नांगर शोधला आणि तसाच ओला घरी नेऊन बापाच्या खाटेवर ठेवला. कडीला गाठ घट्ट होती. पुढे हातभर दोर, त्याचं टोक झिजून पिंजलेलं. बापाने धडधाकट हाताने ते चाचपलं. थोरला दारात उभा होता.

“गाठ सुटली असेल,” बाप जड जिभेने म्हणाला.

“बाबा, गाठ तुमच्या हातात आहे.”

थोरला दारातूनच निघून गेला. मग बाप हळूच म्हणाला, “तू कुठेही निभावून नेशील गं. त्याची पत गेली तर तो संपला.”

“आणि माझी?”

बापाने भिंतीकडे तोंड फिरवलं.

थोरल्याला लवकरच मोठ्या बोटीवर काम मिळालं. धाकटी मात्र ज्या होडीवर विचारायला जाई, तिथले हसत, “नको बाई, तुझ्या गाठी सुटतात म्हणे.” शेवटी ती कोळंबी सोलायच्या शेडमध्ये लागली. बर्फात हात घालून बोटांची सालं निघतात. संध्याकाळी ती बापाला भरवते. मध्येच तो काहीतरी बोलायला तोंड उघडतो. ती पुढचा घास त्यात सारते.