धाकटीचा घेवडा

या, असे जवळ सरकून बसा. दाराशी कशाला, आत या. एका बाईची गोष्ट सांगायची आहे, जिला देवाने शहाणपण सगळं ठेवलं आणि बोलायला शब्द मात्र एकच ठेवला.

बाई म्हणजे सिस्टर. इस्पितळात जन्म काढलेली नर्स. निवृत्त झाली तरी गल्लीला ती सिस्टरच. हिवाळ्याच्या तोंडी तिला झटका आला, उजवी बाजू गेली, आणि वाचा गेली ती एक ‘बरं’ तेवढं मागे ठेवून. तहान लागली, बरं. पाठ दुखली, बरं. ‘नाही’ म्हणून मान हलवायला जावं तर मान खाली-वर होई. डाव्या हाताने लिहायला जावं तर अक्षरं जुळत नसत. आत मात्र सगळं लख्ख होतं. हीच तर तिची पंचाईत.

त्या सकाळी थंडी ओसरली होती. नवऱ्याने तिची खुर्ची मागच्या दारात आणली, गुडघ्यांवर शाल टाकली आणि म्हणाला, “सिस्टर, यंदा बाग माझ्याकडे. तू नुसती देखरेख कर. चुकलो तर ओरड.”

“बरं,” ती म्हणाली.

नवरा घड्याळवाला. आयुष्यभर डोळ्याला भिंग लावून बसलेला. वाफा त्याने असा आखला की जणू तबकडीच. टोमॅटोची रोपं दोरीत लावली, धणे रगडून, दाण्याचे दोन भाग करून पेरले, पुदिन्याच्या काड्या कडेला खोचल्या. मिरचीचं बी तर चिमट्याने उचलून ठेवत होता. सिस्टरला आतल्या आत हसू फुटलं.

कुंपणापलीकडून शिंपीणबाईने विचारलं, “भाऊजी, त्या बियांना किल्लीपण देणार का?”

“देईन की. वाकडं उगवलं तर तुमच्याकडे पाठवीन. उसवून पुन्हा शिवा.”

मग त्याने खिशातून औषधाची जुनी बाटली काढली, आणि सिस्टरचं हसू जागच्या जागी थांबलं.

बाटलीत राखेत घोळलेला घेवडा होता, जांभळ्या शेंगांचा. तिच्या धाकट्या बहिणीचा. बहीण गेली, तिच्या अंगणावर दुसऱ्याचं घर उभं राहिलं, आणि तिच्या हातचं म्हणून जगात उरलं ते एवढंच. दर वर्षी सिस्टर अर्धं बी पेरी आणि अर्धं बाटलीत ठेवी. एक फसलं तर दुसरं. गेल्या हंगामात शेंगा वेलावर वाळत असतानाच तिला इस्पितळात नेलं. शेंगा तिथेच कुजल्या. नवं बी धरायचं राहून गेलं.

“हे धाकटीचं ना? लावतो.”

“बरं.” मग घाईघाईने, “बरं बरं बरं.” डावा हात उचलून तिने मूठ घट्ट आवळली. राखून ठेवा. थोडं राखून ठेवा.

त्याने मूठ निरखून पाहिली. “सगळं? अगं, सगळंच लावणार. ताटलीत सुटा भाग उरला तर घड्याळ दुरुस्त झालं असं आम्ही म्हणत नाही.”

हाच त्याचा धर्म होता. उभ्या जन्मात एक स्क्रू त्याने उरू दिला नव्हता. तिने मूठ खुर्चीच्या हातावर आपटली. “लावतोय ना, घाई कसली,” म्हणत त्याने एकेक दाणा मातीत दडवला. शेवटी बाटली उपडी करून झटकली, भिंगातून आत डोकावला आणि ती रिकामी बाटली तिच्यापुढे धरली, शाळेतल्या पोराने पाटी दाखवावी तशी.

देवा, असल्या वेळी तू कुणीकडे बघत असतोस? सिस्टर रडली. त्याला वाटलं, बहिणीच्या आठवणीने. हात मातीचे होते, म्हणून त्याने सदऱ्याच्या बाहीने तिचे डोळे टिपले.

आठवडा सरला नाही तोच गेलेली थंडी परतली, सोबत पाऊस घेऊन. वाफ्यात पाणी साचलं. टोमॅटोंनी माना टाकल्या. घेवडा वर आलाच नाही. नवरा रोज भिंग लावून त्या ओळीपाशी ओणवा होई. शेवटी त्याने चिमट्याने माती उकरली. चिमट्यात धरताच दाण्यांचा लगदा होत होता.

शिंपीणबाई कुंपणाशी आली. “मागे ठेवलेलं लावा की, भाऊजी.”

“मागे कसलं?”

“सिस्टर अर्धं ठेवायची ना दर वर्षी. दाणा देईल तर शपथ. म्हणायची, शेंगा न्या पोटभर, बी मागू नका.”

त्याने चिमटा खाली ठेवला. मग हात न धुता आत आला आणि खुर्चीपाशी खालीच बसला.

“त्या दिवशी तू मूठ दाखवलीस. ती ‘ठेव’ म्हणून होती?”

“बरं.”

“आणि मी सगळं घालवलं. माझ्यामुळेच गेलं ना, सिस्टर?”

नाही हो, असं तिला म्हणायचं होतं. तुम्ही नाही, पावसाने नेलं. आणि मी तरी कुठली शहाणी? शिंपिणीला चार दाणे दिले असते तर आज तिच्या कुंपणावर वेल चढला असता. एवढं सगळं तिने ओठांशी आणलं, सगळा जीव गोळा करून.

“बरं,” ती म्हणाली.

त्याने हळूहळू मान डोलावली. उत्तर ठाऊकच असल्यासारखी.

तिने डावा हात त्याच्या गालाकडे नेला. त्याने तो पुढे आलेला हात पाहिला, लगबगीने उठला आणि त्यात पाण्याचा पेला दिला. ती पाणी प्यायली. दुसरं काय करणार?

तर मंडळी, देवापुढे हात जोडाल, आपल्या माणसांसाठी मागून होईल, तेव्हा त्या घड्याळवाल्याचीही आठवण काढा. त्याला कुणी बोल लावलेला नाही. हे त्याला सांगणारं त्या घरात कुणी नाही, म्हणून तुमच्या कानावर घातलं.